अठरा नि तीन सूत

रविवारी सकाळी नव्या बाकावर सगळ्यात आधी बसले ते घड्याळवाले जावई, आणि त्यांचे पाय लटकले.

"वा," ते म्हणाले. एवढंच. हा माणूस घरून निघताना दिवसभराचे शब्द मोजून घेतो आणि संध्याकाळी त्यातले निम्मे परत नेतो, असं सासूबाई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, तेव्हाही ते हसून "वा"च म्हणायचे. त्यांनी बुटांची टोकं खाली ताणून पाहिली, पुढे सरकून पाहिलं, पण टोकं जेमतेम लागली, टाचा काही टेकेनात. शेवटी नाद सोडला आणि शाळेत पहिल्या दिवशी आणून बसवलेल्या पोरासारखे पाय हलवत बसले.

स्वयंपाकघराच्या दारात धाकटी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला हसू आलं आणि आलं तसं विरलं. बाकाच्या दगडी कडेवरून तिची नजर खाली फरशीपर्यंत गेली. धाकटी चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून, गेली सतरा वर्षं भिंगं घासत होती; दुसऱ्याला दिसायचा नाही तो फरक तिच्या बोटांना कळायचा. हिला कशाला हवी मोजपट्टी! आणि हे माप तर तिने रोज उठता-बसता पाहिलेलं होतं. अठरा इंच नि तीन सूत.

तिने ट्रे पटकन खाली ठेवला.

नवरा जाऊन अडीच वर्षं झाली तरी या घरात ती धाकटीच राहिली होती. धाकटा गेला, धाकटी उरली. तो टेलिफोनच्या तारा जोडायचा, खांबांवर चढायचा, आणि स्वतःही असा ताडमाड की भावंडं त्यालाच 'खांब' म्हणायची. असा माणूस साध्या तापाने अकरा दिवसांत गेला. त्यानंतर घरात दोघीच होत्या, सासू आणि सून. भांडण नाही, तंटा नाही. शेजारणी म्हणायच्या, मायलेकींसारख्या राहतात. धाकटीला ते ऐकून बरं वाटायचं आणि गुदमरायलाही व्हायचं.

आता हे अंगणाचं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मागच्या अंगणाला अंगण म्हणायची लाज वाटावी अशी त्याची दशा होती. फुटक्या बादल्या, गंजलेली सायकल, कपड्यांच्या दोऱ्या, आणि सासऱ्यांच्या खुर्च्यांच्या कारखान्याचा जुना भुसा मातीत मुरून झालेला राडा. एके दिवशी आईंच्या डोक्यात आलं, आणि आईंच्या डोक्यात एकदा आलं की घरातल्या कुणाची सुटका नसते. त्यांनी शिवणाच्या खडूने खाकी कागदावर नकाशा काढला आणि थोरल्या मुलाला बोलावलं. थोरला गवंडीकामातला, चाळीस माणसं हाताखाली, पण आईसमोर अजून पाटी घेऊन उभा राहावा तसा उभा राहायचा.

"इथे पक्का बाक," आई म्हणाल्या होत्या, "काटकोनात, दोन्ही भिंतींना धरून, म्हणजे पाठीला वारा लागत नाही. वर छप्पर नको, ओढता येईल असं कापडी छत कर. सकाळचं ऊन यावं, दुपारचं अडावं. कोपरापाशी एक दगडी टेबल, कप ठेवण्यापुरतं. कुंड्या तिकडे, वाटेत नाहीत. आणि दिवा डाव्या अंगाला."

"डाव्याच का?"

"वाचणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून उजेड यावा रे. एवढंही कळत नाही?"

"आणि फरशीला ढाळ देणार मी," थोरला म्हणाला होता. "मीटरला दीड सेंटिमीटर, घरापासून बाहेर. घराकडे पाणी आलं तर मला मिस्त्री म्हणू नका."

"तो तुझा प्रांत. त्यात मी नाक खुपसत नाही."

घरात वाचणारी एकटी धाकटीच. गाद्यांच्या कापडाचा रंग आईंनी निवडला तोही राखाडी-निळा, तिच्या आवडीचा. पाय वर घेऊन बसायची सवय तिची, म्हणून कोपऱ्यातली गादी हातभर रुंद. नकाशातल्या प्रत्येक रेघेत आपणच आहोत हे तिला त्या दिवशीच कळलं होतं, आणि तिथेच ती अडकली होती.

कारण त्याच्या आदल्या आठवड्यात दुकानाच्या मालकांनी तिला आत बोलावलं होतं. दुसऱ्या शहरात नवी कार्यशाळा उघडत होते. भिंगांचं सगळं काम, हाताखाली सहा माणसं, जबाबदारी तिची. वर राहायला दोन खोल्या. सावकाश ठरवा, म्हणाले होते, पण सावकाशीलाही मुदत होती आणि ती उद्याच्या सोमवारी संपत होती. धाकटीला जायचं होतं. हे ती स्वतःलाही दबक्या आवाजात सांगायची, पण जायचं होतं. सासू खाष्ट असती तर बॅग भरायला तिला दहा मिनिटं पुरली असती. इथे तिचं कुणी वाईट केलं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. आणि ती गेली की पुढे काय, हेही उघड होतं. नणंद आईंना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेणार आणि या घराला कुलूप लागणार. आई तिथे किती दिवस तग धरतील, हे कुणी बोलत नव्हतं.

आज सगळे जमणार, तेव्हा चहानंतर सांगून टाकायचं, असं ठरवून ती सकाळी उठली होती. वाक्यसुद्धा तयार होतं. आणि आता हा बाक.

"अहो, पाय काय हलवताय?" नणंद बाहेर आली. ती मुख्याध्यापिका, शाळेत आणि शाळेबाहेरही. "नीट टेकवून बसा."

"टेकत नाहीत," जावई म्हणाले.

"टेकत नाहीत म्हणजे काय? सरका." ती स्वतः बसली. तिचेही पाय अधांतरी. तिने एकदा पायांकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि सगळ्या वर्गाला धडकी भरावी असा पॉझ घेतला. "दादा, हा बाक आहे की कठडा?"

थोरला अंगणाच्या टोकाला पाण्याच्या जाळीपाशी उकिडवा बसून फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खरवडत होता. त्याने मान वर केली नाही.

इथे बाहेरच्याला वाटेल, दोन-तीन इंचांचं एवढं काय? पण हे खुर्चीवाल्यांचं घर. सासरे हयात होते तोवर घरातल्या प्रत्येकाची खुर्ची त्याच्या मापाची. गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंतचं अंतर, त्याला घरात 'बैठक' म्हणायचे. इंचात आणि सुतात; आठ सुतांचा एक इंच. ती घ्यायची रीतही ठरलेली. माणसाला पातळ फळ्यांच्या चवडीवर बसवायचं, एकेक फळी काढत जायचं, आणि मांड्या सैल पडल्या की मोजायचं. गादी धरायची नाही, कारण गादी दबते, हाडं दबत नाहीत. लग्न होऊन धाकटी घरात आली, तेव्हा सासऱ्यांनी तिचं नाव-गाव विचारायच्या आधी तिला चवडीवर बसवलं होतं. "पंधरा नि सहा," ते म्हणाले होते, "आता तू इथली." आणि पाच जणांनी मिळून बसायची जागा असेल तर तिला घरातल्या सगळ्यात बुटक्याचं माप लागायचं, हा त्यांचा नियम. उंच माणूस पाय पसरून बसेल, बुटक्याने काय करायचं? आता घरात सगळ्यात बुटक्या आई. पंधरा इंच, वर एक सूतही नाही.

"मी तुझ्याशी बोलतेय, दादा," नणंद म्हणाली. "पंधराच्या जागी हे किती केलंयस तू? एवढे बंगले बांधलेस आणि आपल्या आईला बसायला बाक बांधता येत नाही?"

"सांगितलं तेवढं केलंय."

"कुणी सांगितलं?"

थोरला खरवडायचा थांबला. "आईने. फोनवर."

"किती सांगितलं?"

"अठरा नि तीन."

"अठरा!" नणंद बाकावरून उतरली, पुढे सरकूनच उतरावं लागलं. "आणि तू ऐकलंस? विचारलं नाहीस परत?"

"विचारलं. तेच सांगितलं."

नणंदेने नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर धाकटीला चांगली ओळखीची होती. गेल्या वर्षभरात ती नजर या घरावर बरेचदा फिरली होती. एकदा शेगडी चालू राहिली तेव्हा. एकदा किल्ली पिठाच्या डब्यात सापडली तेव्हा. एकाच गादीला दोन खोळी शिवून झाल्या तेव्हा. नणंद वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. तिला भीती वाटायची, आणि भीती वाटली की ती याद्या करायची.

"झालं," ती म्हणाली, आवाज खाली आणून. "मी म्हणत होते ना? आईला स्वतःचं माप आठवत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं या घराच्या गाद्या शिवल्या, जिला अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ होती, तिला. दादा, आता तरी डोळे उघड. मी तिला घेऊन जाते."

"कुठे?" थोरला म्हणाला. "तुझ्याकडे तीन जिने आहेत."

"जिने चढता येतात. शेगडी पेटली तर काय करशील? ही दिवसभर दुकानात असते." 'ही' म्हणजे धाकटी. "घरात कोण असतं?"

आतून आईंच्या पावलांचा आवाज आला. त्या गाद्यांची शेवटची खोळ शिवत होत्या. ती झाली की त्या बाहेर येणार, बसणार, आणि त्यांचे पाय सगळ्यांच्या देखत चार बोटं वर राहणार. धाकटीने विचार केला नाही. विचार केला असता तर बोलली नसती.

"चूक माझी आहे, ताई."

"तुझी?"

"दादांचा फोन आला तेव्हा आई मशीनवर होत्या. त्यांनी मला विचारलं, मी आतून आकडा सांगितला. मी सांगितला तोच त्यांनी पुढे सांगितला. माझाच घोटाळा झाला."

"तुझा घोटाळा? तू भिंगं घासतेस गं. केसाचे चार भाग करणारी तू, आणि तीन इंच चुकलीस?"

"चुकले."

"लक्ष कुठे होतं तुझं?" नणंदेला आता राग काढायला जागा मिळाली होती. "आईच्या अंगावर घर टाकलंयस, ते टाकलंयस. निदान एवढं तरी? का कंटाळा आलाय इथला? तसं असेल तर तोंडाने सांग, अशी कामं बिघडवून सांगू नकोस!"

धाकटीने मान खाली घातली. घाव नेमका वर्मी बसला होता, नणंदेला माहीतही नसताना. अंगणात थोरला उठून उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ही खोटं बोलतेय हे त्याला कळलंय, एवढंच दिसत होतं. कसं कळलं, ते मात्र तिला कळेना.

"तिला ओरडू नकोस," दारातून आई म्हणाल्या.

त्यांच्या हातात घडी केलेली खोळ होती, गळ्यात मोजायची फीत. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"आई, तू आत जा, आम्ही बघतो," नणंद म्हणाली.

"काय बघतेस? मी मेले नाहीये अजून. खोटं बोलतेय ती. मला कुणी काही सांगितलं नाही. माझ्या तोंडून गेलं ते."

"आई—" धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. खोटं बोलायलासुद्धा अंगात थोडी लबाडी लागते, ती तुझ्यात नाही." आई सावकाश बाहेर आल्या आणि बाकाच्या कडेवर त्यांनी हात ठेवला. बसल्या नाहीत. "याने विचारलं, आई, बैठक किती धरू? आणि माझ्या तोंडून गेलं, अठरा नि तीन. ओठांवरच होतं. तसंच बाहेर पडलं."

"अगं, तेच तर म्हणतेय मी. तू विसरलीस. वय झालं की होतं, त्यात—"

"विसरले?" आईंचा आवाज चढला नाही, पण कापला. "विसरता आलं असतं तर पंधरा म्हणाले असते, पोरी. विसरता येत नाही म्हणून तर अठरा तोंडात आलं. शेगडी विसरते मी. किल्ली विसरते. हे विसरत नाही."

नणंद एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली, आणि मग अगदी हळू, शाळेतला आवाज सोडून, तिने विचारलं, "कुणाचं माप आहे हे?"

थोरल्याने हातातली थापी खाली ठेवली. "खांबाचं," तो म्हणाला.

"दुसऱ्यांदा याने विचारलं ना," आई सांगत राहिल्या, आता कुणाला असं नाही, बाकाच्या दगडाला सांगावं तसं, "तेव्हा माझ्या ध्यानात आलं होतं. अगं बाई, मी कुणाचं माप सांगून बसले! तोंड उघडून दुरुस्त करायला किती वेळ लागतो? पण नाही केलं. म्हटलं, बांधून तर होईल. एकदा त्याच्या मापाचं काहीतरी बांधून होईल."

"आणि तू?" नणंद भावाकडे वळली. "तुला फोनवर कळलं नाही?"

"पहिल्याच वेळी कळलं."

"मग बांधलास कशाला?"

"काय सांगू तिला? फोनवर सांगू, आई, तो नाहीये म्हणून?" थोरल्याचे ओठ थरथरत होते, चाळीस माणसांचा मुकादम, पण थरथरत होते. "तू सांगितलं असतंस? तिसरा थर झाला तेव्हा वाटलं, इथे थांबावं. आईला सांगू, विटा संपल्या. मग चौथा चढवला. काल वरचा दगड बसवला, आणि ओल्या सिमेंटचं निमित्त करून त्यावर बसलो नाही. माझ्याने बसवेना."

धाकटीने डोळे मिटले. अडीच वर्षं तिला वाटत होतं की स्वयंपाकघरातल्या त्याच्या उंच खुर्चीचं माप या जगात तिला एकटीलाच पाठ आहे. रोज भांडी पुसताना ती त्या खुर्चीला वळसा घालून जायची. आणि इथे एकाने ते मुकाट्याने विटांत बांधून काढलं होतं.

"मला माहीतच नव्हतं," नणंद म्हणाली. "मला त्याची बैठक माहीतच नाही. माझं लग्न झालं तेव्हा तो..." तिने हाताने हवेत उंची दाखवली, गुडघ्याच्या जरा खाली. "माझ्या वेळी तो तेरा इंच होता."

आणि ती रडायला लागली. मुख्याध्यापिकेसारखी नाही, तोंडावर हात धरून, खांदे उडवत, कुणी थोपवू नये अशी. तो गेला तेव्हा तिने सगळ्यांना सांभाळलं होतं, डॉक्टरांपासून डब्यांपर्यंत, आणि रडायचं राहूनच गेलं होतं. जावई बाकावरून उतरले, खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि चक्क अख्खं वाक्य बोलले.

"रड," ते म्हणाले, "घरीच आहेस."

चहा केव्हाच निवला होता. धाकटी तो ओतून नवा करायला वळली. हाताला काहीतरी काम हवं होतं. पण आईंनी तिचं मनगट धरलं.

"चहा राहू दे. आज सगळ्यांचं बाहेर पडतंय, तर तुझंही पडू दे."

"माझं काय?"

"चष्मेवाल्यांची बायको परवा वाण्याच्या दुकानात भेटली. मला म्हणाली, तुमच्या सुनेवाचून आमचं तिकडचं काम अडलंय बघा, पाठवताय ना? मी म्हटलं, पाठवते की. घरी येईपर्यंत चार वेळा थांबले रस्त्यात." त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. "तू मला केव्हा सांगणार होतीस?"

"आज."

"मग सांग."

धाकटीचं तयार करून ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "मला जायचंय, आई," ती म्हणाली. "तुमच्यामुळे नाही. तुम्ही काही केलं म्हणून नाही. इथे मी घरभर त्याला वळसे घालत फिरते. खुर्चीला वळसा, दाराला वळसा. मी अडतीस वर्षांची आहे. मला वळसा न घालता चालायचंय." एवढं बोलून तिचा श्वास संपला. "पण तुम्हाला असं टाकून जायला माझं पाऊल उचलत नाही. तुम्ही हे सगळं... हा दिवा, हे कापड..."

"लाच होती ती," आई म्हणाल्या. "दुसरं काय? तोंडाने राहा म्हणायची माझी हिंमत नव्हती, म्हणून दगड-विटांनी म्हणत होते. म्हटलं, सावलीत बसेल, पुस्तक वाचेल, जीव रमेल हिचा. लाच घेतली नाहीस, बरं केलंस."

नणंदेने डोळे पुसले. "आई, मग तू माझ्याकडे येतेस. आता तरी हट्ट करू नकोस."

"नाही येत."

"एकटी राहणार?"

"राहणार. शेगडीला ते आपोआप बंद होणारं काहीतरी मिळतं म्हणालीस ना मागे? ते बसवून दे. किल्ली दोरीने गळ्यात बांध माझ्या, लहान पोरासारखी. रोज सकाळी-संध्याकाळी फोन कर, हवा तेवढा दरडाव. पण या घरातून मला काढू नका. जमणार नाही तेव्हा मी होऊन सांगेन. मला खोटं बोलता येतं, हिच्यापेक्षा बरं येतं, पण त्या बाबतीत बोलणार नाही."

नणंदेने भावाकडे पाहिलं. दरवेळी अशा प्रसंगी थोरला खाली बघायचा आणि नणंद जिंकायची. आज त्याने खाली पाहिलं नाही. "मी एक दिवसाआड येतो," तो म्हणाला. "काम सुटलं की इकडूनच जाईन. माझा रस्ताच आहे." त्याचा तो रस्ता नव्हता, अर्ध्या तासाची वाकडी वाट होती, आणि ते नणंदेलाही ठाऊक होतं. तिने फक्त यादीतली एक ओळ खोडावी तशी मान हलवली.

"केव्हापासून?" आईंनी धाकटीला विचारलं.

"एक तारखेपासून. उद्या हो म्हटलं तर."

"उद्या सकाळीच सांग. दुपारपर्यंत माझं मन बदलेल."

अंगणात ऊन कापडी छताच्या कडेपर्यंत सरकलं होतं, आखलं होतं बरोबर तसं. फरशी सुरेख झाली होती. कुंड्यांतला पुदिना हलत होता. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि कुणालाही बसता येत नव्हतं.

थोरला बाकापाशी आला. वरच्या दगडाखाली बोट फिरवून त्याने सांधा चाचपला. "अजून पुरता धरलेला नाही," तो म्हणाला. "आज उचलला तर दगड शाबूत निघेल. खालचा थर काढतो, परत बसवतो. आठवडाभर पाणी मारावं लागेल." मग थांबून, चोरट्यासारखं, त्याने विचारलं, "का राहू देऊ, आई? पुढे एक पायरी करतो हवी तर. राहू दे असाच?"

सगळ्यांनी आईंकडे पाहिलं. त्यांनी दगडावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खोळीच्या कापडावरून फिरवतात तसा. बराच वेळ लागला त्यांना. धाकटीला वाटलं, म्हणतील, राहू दे.

"काढ," आई म्हणाल्या. "बसणारं जे माणूस आहे त्याच्या मापाचा कर. पंधरा."

"पंधरा," थोरल्याने म्हटलं आणि छिन्नी आणायला गेला.

धाकटीला आता राहवेना. तिने आईंचे दोन्ही हात धरले. "मी येत जाईन, आई. दर महिन्याला येईन. गाडीने चार तासांचा तर रस्ता आहे. शपथ घेऊन सांगते."

"शपथ कशाला? येशील. पहिले पाच-सहा महिने नक्की येशील." आई तिच्याकडे बघून हसल्या, आणि हसतानाच त्यांचे डोळे भरून आले. "मग कधी काम निघेल, कधी कुणी भेटेल तुला तिकडे, भेटावंच. मग नाही आलीस तरी चालेल, बरं का. हे मी आज सांगून ठेवते. तेव्हा मला हे म्हणता येणार नाही."

धाकटीने हात सोडले नाहीत. थोरला छिन्नी-हातोडा घेऊन आला होता. त्याने छिन्नीचं टोक दगडाखालच्या सांध्याला लावलं आणि आईकडे पाहिलं.

"घाव घालू?"

"घाल," आई म्हणाल्या.